बांधावरचे प्रश्न : सेंद्रिय प्रमाणपत्राचा रस्ता

पेरणी जवळ आली की पत्रं वाढतात. यंदाची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत, म्हणून हा सगळा अंक सेंद्रिय प्रमाणपत्राला देते. मी लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटाची अंतर्गत निरीक्षक आहे. बाहेरच्या संस्थेचा निरीक्षक येण्याआधी गटातल्या प्रत्येकाच्या रानात जायचं, वही, बियाणं, खताचा ढीग, फवारणीचा पंप आणि शेजाऱ्याचा धुरा पाहायचा, हे माझं काम. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत. काहींनी नाव छापू नका असं कळवलं आहे, म्हणून सगळ्यांचा फक्त तालुका दिलाय.

ताई, माझं साडेसहा एकर रान आहे. सोयाबीन, तूर, हरभरा घेतो. पाच वर्षं झाली, घरात युरियाचं पोतं आलं नाही. लातूरच्या एका खरेदीदाराला माझी तूर पसंत पडली, पण तो सर्टिफिकेट मागतो. मी लॅबमध्ये तूर तपासून घेतली, कुठल्याही औषधाचा अंश निघाला नाही. तो रिपोर्ट दाखवला तरी नको म्हणाला. प्रमाणपत्र कुठून आणू आणि किती दिवसांत मिळेल?
— एक शेतकरी, ता. औसा

दादा, खरेदीदाराचं म्हणणं बरोबर आहे. लॅबचा रिपोर्ट तुम्ही दिलेल्या त्या किलोभर तुरीपुरता असतो. ती तूर कुठल्या रानातली, बियाणं कुठलं, शेणखत कुठून आलं, मळणी कशात झाली, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. सेंद्रिय प्रमाणपत्र शेताला आणि शेती करण्याच्या पद्धतीला मिळतं. माल तपासतात, पण तो खातरजमेपुरता.

रस्ते दोन आहेत. पहिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा, ज्याला सगळे एनपीओपी म्हणतात. तो २००१ पासून चालू आहे, केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत, आणि कामकाज अपेडा, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणारी केंद्राची संस्था, पाहते. यात मान्यताप्राप्त प्रमाणीकरण संस्था येऊन तुमचं शेत तपासते. माल परदेशी जाणार असेल तर हाच रस्ता. दुसरा पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची हमी घेण्याची पद्धत. ती कृषी मंत्रालयाची आहे आणि देशातल्या विक्रीपुरती चालते. तिच्याबद्दल पुढे अंबाजोगाईच्या ताईंना सविस्तर लिहिलंय, तेही वाचा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ साली आले. तेव्हापासून पाकिटावर ‘सेंद्रिय’ छापून दुकानात माल ठेवायचा तर या दोनपैकी एक प्रमाणपत्र लागतं. तुम्ही आधी खरेदीदारालाच विचारा, तुला यातलं कुठलं चालेल? तो निर्यात करणारा असेल तर पीजीएस त्याच्या कामाचं नाही.

आता वेळेचं. हंगामी पिकाला पेरणीच्या आधी चोवीस महिने रूपांतरणाचा, म्हणजे साध्या शेतीतून सेंद्रियात येण्याचा, काळ लागतो, आणि तो साधारणपणे नोंदणी झाल्यापासून मोजतात. यंदा मे महिन्यात नोंदणी झाली, तर दोन वर्षांनी जूनमध्ये जे सोयाबीन पेराल ते तुमचं पहिलं सेंद्रिय सोयाबीन. बरोबरची तूर त्यानंतरच्या जानेवारीत. ‘पेरणीच्या आधी’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. नोंदणी जुलैच्या वीस तारखेला झाली, तर दोन वर्षांनी जूनमधली पेरणी त्या तारखेच्या अलीकडे पडते, सोयाबीन-तुरीचा अख्खा हंगाम हातचा जातो आणि पहिलं सेंद्रिय पीक म्हणून रब्बीचा हरभरा उरतो. महिनाभराच्या आळसापायी लोकांनी वर्ष घालवलेलं मी पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या वर्षातही मेहनत तेवढीच असते.

तुमची मागची पाच वर्षं आपोआप धरली जाणार नाहीत. संस्थेला काळ कमी करण्याचा अधिकार आहे, पण त्यासाठी कागद लागतो. युरियाची पावती नाही हा पुरावा होत नाही, पावती कुणीही फेकून देतो. सरकारी योजनेत सेंद्रिय गटात नाव होतं, पीजीएसची जुनी नोंद आहे, असं काही असेल तर अर्जाला जोडा. नसेल तर कमी करण्याची आशा न धरता लागलीच नोंदणी करा.

अर्जाला सातबारा, आठ-अ, आधार, शेताचा नकाशा आणि मागच्या तीन वर्षांत कुठल्या गट नंबरात काय पेरलं, काय टाकलं याची माहिती लागते. नकाशा तुम्ही हातानं काढला तरी चालतो, पण त्यात विहीर, ओढा, वाट आणि चारी बाजूंचे शेजारी काय पिकवतात हे दिसलं पाहिजे. मग संस्थेशी करार आणि वर्षातून किमान एकदा तपासणी. न सांगताही येऊ शकतात. निरीक्षक फक्त पाहतो आणि लिहितो. प्रमाणपत्र द्यायचं की नाही हे संस्थेतली वेगळी माणसं ठरवतात. त्यामुळे त्याच्या जेवणाचा मोठा घाट घालण्याची गरज नाही, त्याला सगळं रान फिरवून दाखवा.

एक विचारते, साडेसहाही एकर घरचेच आहेत ना? काही रान बटईनं दिलं असेल आणि बटईदार तिथंही सोयाबीनच घेऊन तणनाशक मारत असेल, तर घोटाळा होतो. एकाच घरात एकच पीक दोन्ही पद्धतींनी आलं की कुठलं पोतं कुठलं हे सिद्ध करणं अवघड जातं. त्या रानात वेगळं पीक लावा, किंवा तेही याच पद्धतीत घ्या.

आणि वही. मी रानात गेले की पहिल्यांदा वही मागते. चांगल्या वहीतली नोंद अशी असते : ‘१२ ऑगस्ट. सोयाबीन, वरचं दीड एकर. चक्रीभुंगा दिसला. निंबोळी अर्क ५ टक्के. निंबोळ्या घरच्या, पाच किलोचा चुरा रात्री भिजवला, वस्त्रगाळ करून शंभर लिटर केला. पंप घरचा. फवारणी मी व थोरला.’ बस्स, एवढंच. तारीख, रान, कशासाठी, काय, कुठून आलं, कुणी केलं. तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहिलेली वही लगेच ओळखू येते. सगळीकडे एकच शाई, पानाला घामाचा-मातीचा डाग नाही, आणि ज्या दिवशी शिवारात धो-धो पाऊस होता त्या दिवशी फवारणी लिहिलेली. दादा, तुमचं रान खरोखर चांगलं असणार. त्याची नोंद नाही म्हणून ते मागे पडू नये, एवढीच माझी कळकळ आहे. आज संध्याकाळपासून लिहायला लागा, नोंदणी व्हायची वाट पाहू नका.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, पण तो येणारच. एकट्यानं एनपीओपी केलं तर फी, निरीक्षकाचा प्रवास आणि नमुना तपासणी सगळं तुमच्या एकट्यावर पडतं. तीन संस्थांकडून लेखी दर मागवा आणि त्यात या तिन्ही गोष्टी धरल्यात का ते पाहा. गटातून केलं तर हा खर्च वाटला जातो. गटात किमान पंचवीस आणि जास्तीत जास्त पाचशे शेतकरी असतात, गटाची स्वतःची अंतर्गत तपासणी असते आणि बाहेरची संस्था त्यातले निवडक शेतकरी तपासते. औसा-निलंगा पट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपन्या भरपूर आहेत, त्यांच्याकडे आधी चौकशी करा.

आमची हळद आहे. आम्ही काही फवारत नाही, पण धुऱ्यापलीकडचा शेजारी सोयाबीनला तणनाशक मारतो आणि त्याचं रान आमच्यापेक्षा उंच आहे. आम्हाला प्रमाणपत्र मिळेल का?
— एक वाचक, ता. वसमत

मिळेल, पण त्या बाजूला सुरक्षा पट्टा सोडावा लागेल. किती फुटांचा, याचं सगळ्या देशाला एक माप नाही. वारा कुठला, उतार कुठला, शेजारी कशानं फवारतो हे पाहून संस्था ठरवते. पट्टा पडीक ठेवायची गरज नाही. गजराज गवत, शेवरी किंवा दाट तूर लावा, उंच पीक फवाऱ्याचे थेंब अडवतं. पट्ट्यात हळदच ठेवली तरी ती वेगळी काढायची, वेगळी तोलायची आणि साधी म्हणून विकायची. निरीक्षक पट्ट्यातल्या मालाच्या विक्रीची पावती हमखास मागतो.

तुमच्याकडे वाऱ्यापेक्षा पाणी जास्त धोक्याचं आहे. वरच्या रानातलं पाणी हळदीत उतरतं, तेव्हा धुऱ्याच्या कडेनं चर खोदा आणि पाणी बाजूनं ओढ्याला काढून द्या. शेजाऱ्याशी भांडू नका. तणनाशक मारण्याच्या आदल्या दिवशी सांगत जा आणि वारा पडल्यावर सकाळी मारा, एवढं मागणं कुणीही ऐकतो. त्याचा पंप मात्र कधीही उसना आणू नका. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी नळीत आणि गाळणीत औषध राहतं. भाड्यानं ड्रोन बोलावणार असाल तर तीच गोष्ट, आधी टाकी कशाची होती ते विचारा.

वसमतकरांना आणखी एक सांगायचंय. हळद रानात सांभाळली जाते आणि काढणीनंतर हातची जाते. शिजवायचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम सगळ्या गावाचा एकच असतो. आधीच्या माणसाची भुकटी ड्रमच्या जाळीत बसलेली असते, आणि त्यानं रंग वापरला असेल तर तोही. ड्रम झाडून घ्या, मग आपलीच दोन-चार घमेली हळद फिरवून ती साधी म्हणून बाजूला काढा आणि त्यानंतर खरा माल घाला. सोयाबीन-तुरीच्या हडंब्याला, म्हणजे मळणी यंत्राला, पण हीच रीत आहे. पहिलं पोतं वेगळं काढून त्यावर खूण करायची. पोतीही नवी किंवा धुतलेली हवीत, खताचा बारदाना अजिबात नको. हे सगळं वहीत लिहा.

कापसाला आम्ही खत-औषध काही टाकत नाही, फक्त बियाणं बीटीचं आहे. एवढ्यानं काय बिघडतं?
— एक शेतकरी, ता. सेलू

बीटी म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, आणि ते सेंद्रिय नियमांत पूर्णपणे बंद आहे. यात सूट मिळत नाही. पानावर किंवा सरकीवर चाचणीच्या साध्या पट्टीनं तपासून ते कळतं. सरळ वाण, म्हणजे संकरित नसलेलं, आहे म्हणून चालणारच असंही धरू नका, नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं बीटीचे सरळ वाणही काढलेत. पिशवीवर काय छापलंय ते वाचा. तुमच्या शेजारीच परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तिथले देशी कापसाचे वाण, जसं पीए २५५ म्हणजे परभणी तुराब किंवा पीए ४०२ म्हणजे विनायक, कोरडवाहूत टिकतात आणि रसशोषक किडींना सहज बळी पडत नाहीत. विद्यापीठात सेंद्रिय शेतीचं संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे, एकदा जाऊन या. बियाणं घेताना रासायनिक बीजप्रक्रिया न केलेलं मागा, पावती आणि पिशवीचं लेबल वहीला टाचून ठेवा.

आम्ही बचत गटाच्या सहा जणी. सीताफळ, भाजीपाला आणि थोडी ज्वारी-मूग असं घेतो. अंबाजोगाईत घरोघरी विकतो. गिऱ्हाईक विचारतं, सेंद्रिय कशावरून? आमच्याकडे फी भरायला पैसे नाहीत आणि सातबारा मालकांच्या, म्हणजे नवऱ्यांच्या, नावावर. आमचं काही होईल का?
— सहा जणी, ता. अंबाजोगाई

तायांनो, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. पीजीएस तुमच्यासारख्यांसाठीच आहे. एका गावातले किंवा जवळपासचे किमान पाच शेतकरी लागतात, तुम्ही सहा आहात. गट नोंदवायचा, प्रत्येकीनं शपथपत्र द्यायचं, आणि मग एकमेकींचं रान तपासायचं. तपासणाऱ्यांत निदान एकीला लिहिता-वाचता यावं. तपासणीचा कागद गटाच्या बैठकीत ठेवायचा, तिथं ठरायचं की कोण पास, कोण नाही, आणि तो पीजीएसच्या प्रादेशिक परिषदेकडे पाठवायचा. रूपांतरणाच्या काळात ‘पीजीएस ग्रीन’ आणि तो पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस ऑरगॅनिक’ अशी प्रमाणपत्रं मिळतात. भाजी, ज्वारी, मूग यांना चोवीस महिने आणि सीताफळासारख्या फळझाडांना छत्तीस. बाहेरच्या संस्थेची मोठी फी यात नाही.

अवघड भाग पैशाचा नाही, तोंडावर खरं बोलण्याचा आहे. जावेच्या वांग्याला शेंडे-अळी लागली, भावानं येऊन औषध मारलं, आणि तपासणीला तुम्हीच आहात. तेव्हा काय लिहाल? एकीचं लपवलं तर सहाही जणींचं प्रमाणपत्र धोक्यात येतं. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या, की चूक झाली तर ती आपण होऊन सांगायची, त्या वाफ्याचा माल साधा म्हणून विकायचा, आणि सांगणारीला कुणी टोमणा मारायचा नाही. जे गट टिकलेत ते याच नियमावर टिकलेत.

दुसरं, पीजीएसचा माल गटानं स्वतः विकावा किंवा गटाच्या नावानं बंद पाकिटात द्यावा. मोंढ्यात सुटा ओतला की त्याची हमी तिथंच संपली.

आज तुम्ही घरोघरी विकता त्याबद्दल घाबरू नका. वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेल्या उत्पादकानं स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकला, तर सेंद्रिय प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र पाकिटावर ‘जैविक भारत’चं, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय अन्नाचं सरकारी चिन्ह लावता येत नाही. गिऱ्हाईकाला रानात बोलवा आणि वही दाखवा.

सातबाऱ्याचं. सध्या मालकांची लेखी संमती जोडून आणि जमीनधारक म्हणून त्यांचं नाव लावून काम पुढं जाईल, तालुका कृषी कार्यालयातून तसा नमुना मागून घ्या. पण एवढ्यावर थांबू नका. आपल्या राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे, तिच्यात नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. रान तुम्ही कसता, वही तुम्ही लिहिता, तर कागदावरही तुमचं नाव असायला हवं असं मला मनापासून वाटतं. सहाही घरांतून एकदमच अर्ज द्या, म्हणजे कुठल्या एका घरात वाद होणार नाही.

आणि परंपरागत कृषी विकास योजनेचं विचारा. तिच्यात वीस हेक्टरचा समूह धरतात आणि तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपयांची मदत आहे, त्यातले १५,००० निविष्ठांसाठी, म्हणजे बियाणं-खतासारख्या गोष्टींसाठी, थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात. सहा जणींचं रान वीस हेक्टर भरणार नाही, तर शेजारच्या वाड्यांना सोबत घ्या. आत्मा या कृषी विभागाच्या यंत्रणेच्या कार्यालयात समूहात जागा आहे का हे विचारता येईल.

मोसंबीची चारशे झाडं आहेत. दुकानदारानं ‘शंभर टक्के जैविक’ म्हणून एक औषध दिलं. दोन दिवसांत कोळी कीड साफ झाली. हे सेंद्रियमध्ये चालेल ना? बाहेरचं कोंबडखत आणि मळी टाकतो, ते चालेल का?
— एक बागायतदार, ता. बदनापूर

ते औषध आजपासून बंद करा आणि बाटली फेकू नका. जैविक औषधाचा परिणाम सहसा हळूहळू येतो. फवारल्या-फवारल्या कोळी गळून पडला, तर आत रासायनिक औषध मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. असं मिसळलेलं औषध जैविकच्या नावानं विकलं जातं आणि फळाच्या तपासणीत त्याचा अंश निघतो. शेतकऱ्यानं मनापासून जपलेली बाग परक्याच्या लबाडीनं नापास होते, याचा मला फार राग येतो. बाटलीवर घटक, नोंदणी क्रमांक, उत्पादकाचा पत्ता नसेल तर घेऊच नका. असेल तरी वापरायच्या आधी लेबलचा फोटो प्रमाणीकरण संस्थेला पाठवा आणि ‘चालेल’ हे उत्तर लेखी घ्या. पक्कं बिल आणि रिकामी बाटली पुढच्या तपासणीपर्यंत जपून ठेवा. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रारही द्या, म्हणजे औषधाचा नमुना घेतला जाईल.

पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या मोठ्या शेडचं खत चालत नाही. मळीचं संस्थेला आधी विचारा. खोडाला लावायची बोर्डो पेस्ट चालते, पण तांब्याला मर्यादा आहे, म्हणून तीही परवानगीनं. मोसंबीला पहिल्या सेंद्रिय तोडणीच्या आधी छत्तीस महिने लागतात, तेव्हा कुठल्या बहराला पोहोचाल ते नोंदणीच्या तारखेवरून मोजून घ्या.

गावात एक जण आलाय. सातबारा, आधारची झेरॉक्स आणि थोडे पैसे द्या, दोन महिन्यांत सेंद्रियचं प्रमाणपत्र आणून देतो म्हणतो. रानात यायची पण गरज नाही म्हणतो. द्यावं का?
— एक तरुण शेतकरी, ता. भूम

देऊ नका. रान न पाहता दोन महिन्यांत पूर्ण सेंद्रियचं प्रमाणपत्र मिळण्याची सोयच नियमात नाही.

खऱ्या प्रमाणपत्रावर संस्थेचं नाव आणि तिचा मान्यता क्रमांक, पिकांची नावं, क्षेत्र आणि मुदत लिहिलेली असते. संस्था खरी आहे का हे अपेडाच्या यादीत पाहता येतं. शिवाय एनपीओपीत एवढ्यावर विक्री होत नाही. प्रत्येक मालाच्या खेपेला वेगळा व्यवहार दाखला निघतो, आणि तो तुमच्या नोंदलेल्या क्षेत्रात जेवढं पिकू शकतं तेवढ्याच मालाचा निघतो. तुमची कागदं त्याला कशाला हवीत, ते इथं कळेल. तुमच्या एकरांच्या नावावर दुसरीकडचा साधा माल सेंद्रिय म्हणून दाखवता येतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही, आणि उद्या खऱ्या गटात जायला निघालात तर नाव आधीच कुठंतरी अडकलेलं निघतं.

गावात कुणी आधीच कागद दिले असतील तर त्यांनी त्या माणसाकडून गटाचं नाव आणि संस्थेचं नाव लेखी मागावं. तो देत नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करून पोच घ्यावी. यापुढे कुणालाही झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा : कुणाला दिली, कशासाठी दिली, तारीख आणि सही.